शेगडीत गेलेले शिक्के

६ जानेवारी

ताईला धाकट्याचा नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं तुला हसू येईल, म्हणून कारण आधी सांगतो. नवा लाकूड कायदा या महिन्यापासून लागू झाला. त्याचा मसुदा ज्यांनी केला त्यांत मी एक आहे. लाकडाचा व्यापार करणाऱ्या कुणाशीही आम्ही कामाचं बोलायचं ते लेखीच, आणि त्याची नक्कल कार्यालयात ठेवायची, असा नियम आम्हीच स्वतःला घालून घेतला आहे. तुझी लाकडाची वखार आहे. तू माझी सख्खी बहीण आहेस, हे नियमाला माहीत नाही.

कायदा थोडक्यात असा. आजवर जंगलातून चोरून तोडलेलं लाकूड एकदा वखारीत शिरलं की धुतल्या तांदळासारखं होऊन बाहेर पडायचं. चोराला पकडायचं तर जंगलातच, आणि जंगलात तो कधी सापडत नाही. आता ओझं उलट्या बाजूला टाकलं आहे. जो विकेल त्यानेच दाखवायचं, की हे झाड कुठे उभं होतं आणि कुणाच्या परवानगीने पडलं. नाही दाखवता आलं तर माल जप्त आणि परवाना स्थगित.

पहिल्या फेरीत काही वखारी तपासायच्या आहेत. तुझी सर्वांत आधी घ्या, असं मी स्वतः सुचवलं. उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. तुझा माल स्वच्छ आहे याची खात्री आहे, म्हणूनच सुचवलं. सगळं आटपून निकाल लागेपर्यंत मला तिकडे येता येणार नाही, तेही बरं दिसणार नाही. राग मानू नकोस.

तुझा,
धाकटा

---

१५ जानेवारी

काटकोन्या,

लहानपणी ताटातली वाटीसुद्धा तू काठ बघून ठेवायचास. तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हा मोठेपणी कुणाला तरी छळणार. ते कुणीतरी मीच असेन असं मात्र वाटलं नव्हतं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत आहे. तुझे भाऊजी गेल्यापासून वखारीचं सगळं माझ्याच गळ्यात. आऱ्याचं पातं बदलायला झालंय, शाळेच्या बाकांचं मोठं काम अंगावर घेतलंय, ट्रॉलीचं एक चाक रडतं. मिस्त्री म्हणतात ते चाक नाही, ट्रॉलीच म्हातारी झाली. मिस्त्री स्वतः ट्रॉलीपेक्षा थोरले आहेत, हे त्यांना कोण सांगणार?

पण येऊ देत तुझे लोक. कर नाही त्याला डर कशाला? सासऱ्यांच्या वेळेपासून या वखारीत शिक्क्याशिवायचा ओंडका उतरलेला नाही. फक्त काय काय दाखवायचं ते नीट कळव, म्हणजे काढून ठेवते. आणि तू येणार नाहीस हे वाचून वाईट वाटलं, ते लिहून टाकते. मनात ठेवलं तर आंबतं.

नक्कल ठेवणाऱ्या बाई किंवा बुवा जे कोण असतील, त्यांना माझा नमस्कार. माझं अक्षर लागत नसेल तर माफ करा, भुसा डोळ्यांत जातो.

ताई

---

२४ जानेवारी

ताई,

दाखवायचं फार थोडं आहे. परवानगीने तोडलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या बुंध्याकडच्या टोकावर वनखात्याच्या हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. तो शिक्का दाखवायचा. कापलेल्या मालाच्या बाबतीत फळ्या कोणत्या ओंडक्याच्या ते कळलं पाहिजे. एका ओंडक्याच्या फळ्या तुमच्याकडे कापल्या तशाच क्रमाने एकमेकींवर रचतात, मध्ये पट्ट्या घालून. तेव्हा तोही प्रश्न नाही. शिक्क्याची टोकं त्या त्या थप्पीपाशी ठेव म्हणजे झालं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नक्कल ठेवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी उलट नमस्कार सांगितला आहे. हा मजकूर कामाचा नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

धाकटा

---

१९ फेब्रुवारी

काटकोन्या,

उत्तराला उशीर झाला. का झाला ते वाच आणि मग हस किंवा कपाळावर हात मार, तुझी मर्जी.

तुझं पत्र आलं ते मी वखारीतच फोडलं. "शिक्क्याची टोकं" इथपर्यंत वाचलं आणि मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी शेगडीकडे बघितलं. शेगडीवर चहा उकळत होता.

तुला आठवतं का, ओंडका आऱ्यावर चढवला की पहिला काप कुठे घालतात? बुंध्याच्या टोकाला. ओंडका ओढत आणतात, तेव्हा त्या टोकात वाळू, खडे, चिखल रुतून बसतो. तसंच कापत गेलं तर पात्याचे दात बोथट होतात. म्हणून आधी वीतभराची चकती उडवायची, मग फळ्या. सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त आहे आणि आम्ही ती काटेकोर पाळली. चकती निघाली की शेगडीपाशी. छान पेटते. म्हणजे शिक्के सगळे होते रे, एकूण एक. आम्ही ते चहाखाली जाळून टाकले!

तपासनीस बाई आल्या तेव्हा मी हे असंच सांगितलं. उंच बूट, हसणं बेताचं, पण बाई वाईट नाहीत. त्यांनी चहा घेतला नाही. मला वाटतं, पुरावा प्यायला नको म्हणून. पावत्या दाखवल्या. पावतीवर लिहिलेलं काय, तर "ओंडके, साग." कोणता ओंडका ते शिक्क्यावरूनच कळायचं. संध्याकाळी सगळ्या थप्प्यांना सील लागलं. आरा बंद. बाकांचं काम अर्ध्यात.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "संन्यासी आहात हे दाखवा, मी सील काढते."

माणसं रोज येऊन बसतात. त्यांच्याकडे बघवत नाही. पण तुला काही करायला सांगत नाहीये. करू नकोस. परवाना राहतो की जातो ते इथेच ठरू दे.

ताई

---

२७ फेब्रुवारी

ताई,

हसलो नाही. कपाळावर हात मारला. शाळेच्या सुट्टीत तो चहा मीही प्यालो आहे आणि ती चकती उडताना शंभरदा पाहिली आहे. तरी कायदा लिहिताना ती मला आठवली नाही. टेबलावर बसलं की आरा ऐकू येत नाही.

तुझ्यासाठी वेगळं काही करता येणार नाही आणि तू मागतही नाहीस. पण जे सर्वांसाठीच्या माहितीपत्रकात छापलं आहे ते सांगायला हरकत नाही. कायद्यात "शिक्का अथवा तितकाच विश्वासार्ह अन्य पुरावा" असे शब्द आहेत. अन्य पुरावा म्हणजे काय, असं विचारशील, तर खरं सांगतो, तो शब्द घातला तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. वाक्य अपुरं वाटत होतं म्हणून घातला. पण झाड नेलं तरी बुडखा जमिनीतच राहतो. बुडख्याची आणि फळ्यांची जुळणी कुणी दाखवली तर ती नाकारता येणार नाही, असं माझं मत आहे.

परवाना टिकेल. टिकायला हवा. तू जेवतेस ना वेळेवर?

धाकटा

---

३० मार्च

धाकट्या,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. हे वखारवालीचं नाही, बहिणीचं आहे.

बुडख्याचं तुझं बरोबर निघालं. बाईंच्या समोर एकेका थप्पीचं सील काढलं, फळ्यांमधल्या पट्ट्या काढल्या, फळ्या दाबून बसवल्या. की ओंडका पुन्हा ओंडका! त्याच्या तोंडावर मोठा कागद धरायचा आणि कोळशाने घासायचं. वर्तुळं, तडे, पोकळी, सगळं कागदावर उतरतं. ते कागद गुंडाळून मी आणि मिस्त्री गावोगाव हिंडलो. कुणाच्या शेताच्या कडेला, कुणाच्या मळ्यात, वनखात्याने लिलाव केलेल्या जंगलाच्या पट्ट्यात. बुडख्यावर कागद ठेवून फिरवत जायचं, आणि एका जागी तो असा बसतो की मिस्त्रींच्या तोंडून "हां" निघतं. पहिले काही बुडखे बाईंनी स्वतः पाहिले. मग म्हणाल्या, "बाकीचे तुम्ही पाहा आणि सहीनिशी लिहून द्या. तुमच्या शब्दावर घेते." महिनाभर माझ्या पायांचे तुकडे पडले, पण जीव हलका होता. माणसांना सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यात आरा सुरू.

राहिला होता फक्त हसऱ्याचा माल. हसऱ्या म्हणजे तो ठेकेदार, ज्याचे दात झोपेतही झाकत नसतील. गेल्या वर्षी त्याने सागाचे चार मोठे ओंडके घातले होते. एका बागायतदाराच्या बांधावरचे, म्हणाला होता. त्या बागायतदाराकडे गेलो. चांगला माणूस, बांधावर घेऊन गेला. आणि तिथे चारही झाडं उभी होती.

कापून, फळ्या पाडून, वर्षभर वाळत घातलेली झाडं. पानं हलवत उभी. मिस्त्री माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. बागायतदार म्हणाला, "मी कुणाला झाडं विकली नाहीत, पण हसऱ्याचा ट्रक वरच्या रस्त्याने उतरताना पाहिलाय."

वरचा रस्ता राखीव जंगलात जातो. दुसऱ्या दिवशी चढलो. फार शोधावं लागलं नाही. दुसऱ्याच बुडख्यावर कागद ठेवला आणि तो बसला, कागदावर उतरलेल्या बदामाच्या आकाराच्या पोकळीसकट. या वेळी मिस्त्री "हां" म्हणाले नाहीत. मी खालीच बसले. इतकी वर्षं लाकूड माझ्याकडे ओंडका होऊन येत आलं. ते उभं होतं ती जागा मी कधी पाहिलीच नव्हती. शेजारच्या झाडांच्या फांद्या अजून अंग चोरून होत्या, मधल्या झाडाला वाट दिल्यासारख्या.

त्या ओंडक्यांवरही शिक्का होता, मिस्त्रींना आठवतं. पण खरा होता की कुणी बनवलेला, हे कोण बघणार? पहिला काप त्याच्यावरच.

उतरताना मिस्त्री म्हणाले, "बाई, बघितलं ते बघितलं. खाली गेल्यावर विसरायचं. आपण न्याय करायला बसलोय की फळ्या कापायला? पोरंबाळं आहेत सगळ्यांना." ते चुकीचं बोलले नाहीत. हे जर लिहून दिलं तर परवाना जाईल. नाही लिहिलं तर बाई माझ्या शब्दावर सील काढतील. चार दिवस कागद समोर घेऊन बसते आहे.

ताई

---

५ एप्रिल

ताई,

या पत्राची नक्कल ठेवलेली नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू फसवली गेलीस. चोरी तू केली नाहीस, करवली नाहीस, तुला ती ठाऊक नव्हती. तुझा सगळा माल खरा आहे, फक्त चार ओंडके सोडून. त्या चारांपायी सात घरांचं काम जावं, असा हेतू मसुद्याच्या कुठल्याच ओळीत नव्हता. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्या ओळी माझ्याच आहेत.

तपासनीस बाईंनी बाकीचं तुझ्या शब्दावर सोडलं आहे. साग सागासारखाच दिसतो. हसऱ्याचे चार ओंडके लिलावाच्या मालात धरले तर कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नाही.

आडवळणाने लिहितो आहे, ते बंद करतो. ताई, खोटं लिही.

हे वाचून जाळ.

धाकटा

---

१२ एप्रिल

काटकोन्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाईंकडे सगळं लिहून देऊन परत आले होते.

पत्र वाचलं आणि पायरीवरच बसून रडले. अख्ख्या आयुष्यात तू एक रेघ वाकडी काढली नव्हतीस, ती माझ्यासाठी काढलीस. इतका जीव आहे तुझा, कधी बोलला नाहीस मेल्या.

आणि दुसरं सांगू? बरं झालं उशिरा आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर मी ऐकलं असतं. मी काही हरिश्चंद्राची बहीण नाही. तुला लिहिल्यावरही कितीतरी दिवस मी तेच मनाला पटवत होते, जे तू लिहिलंस. तुझ्यासारखे नेमके शब्द मला सापडत नव्हते, एवढंच. मग एके दिवशी सकाळी उठले आणि मनात विचार येण्याआधी बाईंच्या कार्यालयात जाऊन उभी राहिले. विचार केला असता तर पाय निघाला नसता.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाल्या, "हे मी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे." मग त्यांनी चहा मागवला. दोघी प्यालो. बुडखे कुठे आहेत ते दाखवायला परवा त्यांना घेऊन वर जाते आहे. हसऱ्या गावातून नाहीसा झालाय. दात कुठे दाखवतोय देव जाणे.

मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत. हात दाखवून अवलक्षण, एवढं म्हणाले आणि डबा घेऊन पाठ करून जेवायला बसले. बाकीची माणसं आपापले डबे घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली, ते जास्त लागलं.

तुझं पत्र जाळलं. शेगडीतच.

ताई

---

२० मे

ताई,

आदेश निघाला. तुला टपालाने येईलच, पण आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. तुझ्या प्रकरणाच्या बैठकीला मी बसलो नाही, बाहेर थांबलो.

जुळलेला सगळा माल मोकळा. चार ओंडक्यांच्या फळ्या जप्त. चोरीचा माल वखारीत सापडल्याबद्दल परवाना वर्षअखेरपर्यंत स्थगित.

तपासनीस बाईंनी तुझ्या बाजूने खूप सांगितलं. पण कायद्यात चोरीचा माल "आढळल्यास" एवढाच शब्द आहे. तो कुणी शोधून काढला, की मालकिणीने स्वतः होऊन दाखवला, हा फरक त्यात नाही. लपवणाऱ्याला जी शिक्षा, तीच सांगणाऱ्याला. ताई, माझ्या कायद्यात खरं बोलणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही. आम्ही फक्त चोरांचा विचार केला.

मी साहेबांकडे गेलो, दुरुस्ती सुचवली. स्वतः होऊन सांगेल त्याचा माल जाईल, परवाना राहील. साहेब म्हणाले, "सूचना चांगली आहे. पण बहिणीसाठी आणली आहे का?" मी म्हटलं, "बहिणीमुळे आणली आहे." ती आता दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावाने पुढे जाईल आणि बहुतेक होईलही. पण मागच्या प्रकरणांना लागू होणार नाही. तसं लागू करा म्हणायला माझी जीभ उचलली नाही, आणि उचलली नाही याचीच आता लाज वाटते आहे.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. हे मी माझ्या हाताने पेटवलं. काय लिहू?

धाकटा

---

१ जून

काटकोन्या,

आदेश मिळाला. कागद जाड आहे, अक्षर सुबक आहे. तुम्हा लोकांना कुणाचं वाईट करायचं असलं तरी समास सोडून करता.

इथली हकीकत. मोकळ्या झालेल्या फळ्या शाळेच्या बाकांसाठी दुसऱ्या वखारीला दिल्या, काम तरी अडायला नको. आमच्यातले दोघं वीटभट्टीवर गेले, तिघं तिकडच्याच वखारीत लागले. एकाला अजून काही मिळालेलं नाही, त्याची बायको मला बाजारात दिसली आणि तिने रस्ता बदलला. मला ते पुरेसं कळलं. मिस्त्री रोज सकाळी येतात. आऱ्याला तेल देतात, ट्रॉली ढकलून बघतात आणि संध्याकाळी घरी जातात. काल पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पुढच्या वर्षी चकती शेगडीत घालायची नाही. शिक्का ठेवू. चहाला सरपण मी आणेन." म्हणजे पुढच्या वर्षी आपण आहोत, असं त्यांनी ठरवलंय.

बाजारापलीकडचा वखारवाला येऊन गेला. इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना दारात हळूच म्हणाला, "हसऱ्याचा माल माझ्याकडेही आहे. तुम्ही सांगितलंत ते कसं सांगितलंत?" मी त्याला तुझी दुरुस्ती सांगितली, ती होईपर्यंत त्या मालाला हात लावू नका म्हटलं. तो बराच वेळ चपला घालत होता. करेल की नाही, देव जाणे.

आता तुझं. लाज वाटते, पेटवलं, जीभ उचलली नाही, हे सगळं पुरे. तुझा कायदा वाईट नाही. तो बुडखा मी पाहिलाय, मला कुणी पटवून द्यायला नको. पण मला राग आहे. खूप आहे. त्या बुडख्यापाशी बसून मला वाटलं होतं की खरं सांगितलं तर कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि तुम्ही आदेश पाठवलात. हा राग कायद्यावर काढता येत नाही, हसऱ्या सापडत नाही, मिस्त्री म्हातारे आहेत. उरलास तू.

पत्रात तो मावत नाही. आणि आता पत्राची गरजही नाही. तपासणी झाली, निकाल लागला, वखार बंद आहे. तू इथे आलास तर बहिणीला वाचवायला आला असं कुणी म्हणणार नाही, कारण वाचवायला काही उरलेलंच नाही. तू अगदी मोकळा झालास बघ.

तेव्हा रजा टाक आणि ये. मला तुला समोर बसवून भांडायचंय.

ताई